दोन दारांच्या मधे

२१ डिसेंबर

विहीणबाई,

अक्षर ओळखीचं नसेल म्हणून आधीच सांगते, मी तुमच्या जावयाची आई. फाडायचं असेल तर पत्र आत्ताच फाडा. अर्धं वाचून फाडलंत तर मला जास्त राग येईल.

लग्नापासून आपण दोघी एकमेकींशी एक शब्द बोललेलो नाही. कार्यालयात मी माइक हातात घेतला आणि 'यजमानांनी पंगती लवकर बसवाव्यात, पाहुण्यांची शेवटची गाडी सुटेल' असं सांगितलं, त्यात तुमचा एवढा कसला अपमान झाला हे मला अजून समजलेलं नाही. गाडी खरंच सुटली असती. माझा उभा जन्म बस स्टँडवरच्या चौकशी खिडकीत घोषणा करण्यात गेला. माणसं ताटकळलेली दिसली की माझा हात आपसूक माइककडे जातो. असो, हे पत्र त्याबद्दल नाही. हे पत्र तुमच्या लेकीची तक्रार करायला आहे.

चिरंजीवांनी नाताळच्या सुट्टीसाठी मला इथे परदेशात बोलावून घेतलं. बोलावून घेतलं म्हणजे तिकीट काढलं आणि मग कळवलं. नवव्या मजल्यावरचं घर आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात, त्यांत बारीक दिवे लुकलुकतात, आणि चार वाजले की अंधार पडतो. थंडी अशी की मी आल्यापासून कोपरं उघडी पाहिलेली नाहीत. घर गरम ठेवणारा लोखंडी पत्रा भिंतीला लावलाय, तो मधूनच खोकतो. मला वाटलं, चला, निदान सूनबाईच्या हातचं आयतं खाऊ.

तर विहीणबाई, तुमच्या लेकीला स्वतःच्या स्वयंपाकघरात मीठ कुठे आहे ते माहीत नाही. पहिल्याच दिवशी तिने तीन खण उघडले. मोठं पातेलं तिने नवऱ्याला विचारून काढलं. फ्रिज उघडायच्या आधी ती त्याच्याकडे बघते. आणि तो चहाचा कप पुढे करतो तेव्हा ती त्याला 'थँक यू' म्हणते. दिवसातून चार वेळा! मी माझ्या नवऱ्याला तो जिवंत असेपर्यंत एकदाही थँक यू म्हणाले नाही, आणि आमचं चांगलं चाललं होतं.

सोफ्यावर बसते ती काठावर, पर्स मांडीवर घेऊन. स्टँडवर मी अशी माणसं रोज पाहायचे. पण ती गाडीची वाट बघत असायची.

तुम्ही तिला काय शिकवलंत हे विचारण्यासाठी हे पत्र. फोन केला असता, पण या घरात शिंकलं तरी सगळ्यांना ऐकू जातं. आणि आपण दोघी फोनवर बोललो असतो तर पहिल्याच मिनिटाला आवाज चढले असते. पोस्ट सुट्टीनंतर उघडेल म्हणे, तोवर हे माझ्या पिशवीत.

२४ डिसेंबर

विहीणबाई,

काल आम्हाला दिवे दाखवायला नेलं. चौकात मोठं झाड उभं केलंय, त्याखाली माणसं फोटो काढत होती. चिरंजीव म्हणाले, "आईला मधे घे." मग माझ्या एका बाजूला तो, एका बाजूला ती. एका अनोळखी बाईने फोटो काढला. घरी येऊन मी तो पाहिला. तिघेही हसतोय, पण तुमच्या लेकीने माझा हात असा घट्ट धरलाय की फोटोत तिची बोटं पांढरी दिसतात.

ती वाळलीय. गालाची हाडं वर आलीत. तुम्हाला सांगते, मला आधी वाटलं की गोड बातमी असेल. मी आडून विचारणारी बाई नाही. जेवताना सरळ म्हटलं, "काय गं, पाळणा कधी हलवायचा?" ती उठली आणि धुतलेली ताटं पुन्हा धुवायला लागली. चिरंजीव म्हणाले, "आई, भात घे ना अजून." तो नको तेवढं बोलतो हल्ली. सकाळी उठल्यापासून आज कुठे जायचं, काय घालायचं, मी कुठल्या खुर्चीवर बसायचं, सगळं तोच सांगतो. मायेने सांगतो, त्यात खोट नाही. माझी गोळी घ्यायची वेळ माझ्याआधी त्याला आठवते.

निजायची खोली मला दिलीय. ती दोघं बाहेरच्या खोलीत. सकाळी पाण्यासाठी गेले तर एक अंथरूण सोफ्यावर, एक पार खिडकीखाली. मला पाहून तो म्हणाला, "तिला सर्दी आहे." चार दिवसांत ती एकदाही शिंकली नाही.

मला दिसत नाही असं समजू नका. पण पाहुण्याने कुठे बघायचं आणि कुठे नाही, हे मलाही कळतं. आज दुकानं लवकर बंद झाली. उद्या तर अख्खं शहर दार लावून आत बसणार आहे. आम्ही तिघंही.

२५ डिसेंबर

आज मला सगळं कळलं, विहीणबाई. आणि तुम्हाला आधीपासून माहीत होतं हेही कळलं. अक्षर वाकडं येतंय. थंडीने नाही, रागाने.

दुपारी चिरंजीव साहेबांच्या घरी भेटवस्तू द्यायला गेले. तासाभरात येतो म्हणाले. तुमची लेक न्हायला गेली होती. मला त्या खोकणाऱ्या पत्र्याशेजारी बसून इतकं कोंडल्यासारखं झालं की मी स्वेटरवर स्वेटर चढवला आणि एकटीच खाली उतरले. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुकानांना जाळ्या. बस नाही, रिक्षा नाही, भांडणारं माणूस नाही. कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत फिरले.

इथल्या इमारतीला दोन दारं आहेत. रस्त्याचं दार ढकललं की उघडतं. मग टपालाच्या डब्यांची एक चिंचोळी जागा, आणि मग आतलं दार. ते एक छोटी चकती टेकवली तरच उघडतं. बाहेर जायला काही लागत नाही, आत यायला चकती लागते. वरून बटण दाबूनही उघडतं म्हणे, पण ते बिघडलंय आणि दुरुस्त करणारा सुट्टीवर. मी घंटी वाजवली आणि डब्यांखालच्या कठड्यावर बसले. तुमची लेक ओल्या केसांनी धावत खाली आली. मी बसलेली पाहून तिला वाटलं मला चक्कर आली. दार सोडून ती माझ्याकडे झेपावली, आणि मागे दार लागलं.

"चकती काढ," मी म्हटलं.

"माझ्याकडे नाहीये, आई."

"वर राहिली का?"

"नाही. माझ्याकडे नाहीच."

"घरची बाई तू, आणि तुझ्याकडे दाराची चकती नाही?"

फोन दोघींचे वर. इमारतीतली माणसं सुट्टीला आपापल्या घरी गेलेली. बाहेर हाडं गोठवणारा वारा, आत बंद दार. मी माझी शाल तिच्या ओल्या डोक्यावर टाकली. समोर टपालाच्या डब्यावर नावाची पट्टी होती. चिरंजीवांचं नाव एकट्याचं, आणि शेजारी खरवडलेला डिंक.

"परत दिली मी चकती," ती म्हणाली. "उन्हाळ्यात. जाताना."

मग ती बोलली. तुम्हाला हे सगळं ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण तुम्ही ऐकलं असेल पण ऐकून घेतलं नसेल. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहते. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. मी चौकशी खिडकीतली, तेव्हा मी आधी जे विचारायचं तेच विचारलं. "मारतो का?" नाही. "दुसरी कोणी आहे?" नाही. "मग?"

"आई, तो विचारत नाही. ठरवतो आणि सांगतो. मी कोणती नोकरी सोडायची, कोणत्या मैत्रिणीला घरी बोलवायचं नाही, किती वाजता झोपायचं. आणि सगळं माझ्या भल्यासाठी. भांडायलाही जागा नाही. मला तिथे श्वास पुरेना."

माझा मुलगा आहे तो, विहीणबाई. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. आणि त्याच वेळी मला माझं तिकीट आठवलं.

"मग आता का आलीस परत? माझ्यासाठी नाटक करायला?"

"आईने सांगितलं."

"कोणत्या आईने?"

"माझ्या." ती शालीत तोंड घालून रडायला लागली. "ती म्हणाली, सुट्टीभर तिथे जाऊन राहा. सासू असली की तुमचं जुळेल. आणि नाही जुळलं तरी त्या बाईला कळता कामा नये. ती माइक घेऊन गावभर सांगेल."

वा, विहीणबाई! म्हणजे तुम्ही, माझा मुलगा, तुमची लेक, सगळे रंगमंचावर, आणि मी एकटी खुर्चीत बसून मिठाच्या डब्याबद्दल तक्रारी लिहितेय. माझ्यासाठी तिने या घरात पाहुणी म्हणून यायचं आणि यजमानीण असल्याचं दाखवायचं. तिला कोंडलं कोणी? दार त्याचं असेल, पण कडी तुम्ही लावलीत. आणि कशाला, तर मी हसू नये म्हणून.

हसले असते का मी? खरं सांगते. गेल्या वर्षी कळलं असतं तर हसले असते. चारचौघींत नाही, पण घरी, एकटी, थोडीशी. आज त्या कठड्यावर बसून मला हसू आलं नाही.

चिरंजीव आले ते बऱ्याच वेळाने. "तुम्ही दोघी इथे काय करताय?" मी म्हटलं, "गप्पा मारतोय." तुमची लेक माझ्याकडे बघत राहिली. वर जाऊन मी भात टाकला. आता या नाटकात मलाही काम मिळालंय.

२७ डिसेंबर

काल मी काहीच बोलले नाही. का, ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला वाटत होतं, गप्प बसले तर कदाचित जमेलही. ती माझ्यासाठी पोळ्या लाटत होती, तो शेजारी उभा राहून कांदा चिरत होता, रेडिओ चालू होता. दोघं एकदा एकदमच हसलीसुद्धा. एका आईला एवढंच पुरतं. मी अख्खा दिवस मनाशी म्हणत होते, बघ, होईल नीट.

आज सकाळी चिरंजीवांनी आनंदाची बातमी दिली. माझं तिकीट पुढे ढकललंय. फेब्रुवारीअखेरपर्यंत.

"मला विचारलंस?" मी म्हटलं.

"अगं, तिथे एकटीने जिने चढायचे, गुडघा दुखतो तुझा. इथे लिफ्ट आहे. तुझ्याच भल्यासाठी, आई."

तुमच्या लेकीच्या हातातला कप बशीत खडखडला. ती शेजारच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. फेब्रुवारीअखेर म्हणजे किती दिवस, हे ती आत बसून मोजत असणार.

मी म्हटलं, "तिने चकती परत दिली, ते मला माहीत आहे."

मला वाटलं ओरडेल, पण तो स्वयंपाकघरात माझ्या खुर्चीशी जमिनीवर बसला, लहानपणी रुसून बसायचा तसा, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. "आई, तू आहेस तोवर ती राहील. तू एवढंच कर. काही बोलू नकोस, नुसती राहा."

विहीणबाई, मी त्याच्या केसांतून हात फिरवत होते. केस विरळ झालेत त्याचे. या मुलाला मी आजवर काही नाकारलं नव्हतं, आणि कदाचित तिथेच सगळं चुकत गेलं असेल. मला हो म्हणायचं होतं. दोन महिने काय, दोन वर्षं राहिले असते. पण मग मी त्या घरात आई नसते, कुलूप असते. मी त्याच्या डोक्यावरचा हात न काढता नाही म्हणाले. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही.

२८ डिसेंबर

तुमची लेक गेली.

सकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले. मोठ्या उदारपणाने म्हटलं, "चल माझ्याबरोबर. मी स्वतः तुला तुझ्या आईच्या दारात नेऊन उभी करते. बघू कशी घेत नाही ती. नाही घेतलं तर माझ्या घरी राहा."

ती म्हणाली, "आई, मला कुणी कुठे न्यायला नको. मला नुसतं जाऊ द्या."

मला राग आला. एवढं करतेय तर ही बाई नखरे करतेय, असंच वाटलं. मग लक्षात आलं की मीही ठरवून मग सांगत होते. पोरगा कोणावर गेलाय हे शोधायला लांब जायला नको.

तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी विचारलं, "तुला काय हवंय?"

तिने अंथरुणाची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग म्हणाली, "मी सोडलं असं म्हटलं की आई फोन ठेवते. एकदा तिने तो ठेवला नाही तर बरं होईल. बाकी माझं मी बघते."

बॅग तिने पाच मिनिटांत भरली, कारण ती तिने कधी पुरती रिकामी केलीच नव्हती. चिरंजीव मोरीपाशी पाठ करून उभे होते. एकच कप धूत होते. ती म्हणाली, "येते मी." त्याने नळ बंद केला नाही.

मी लिफ्टने तिच्याबरोबर खाली गेले. आतलं दार मी माझ्या पाठीने अडवून धरलं, कारण ते लागलं असतं तर मला वर जाता आलं नसतं. रस्त्यापर्यंतही सोडायला जाता आलं नाही. ती वाकून पाया पडायला लागली, मी तिला वर उचलली आणि तोंडावरून हात फिरवला. म्हटलं, "जेवत जा." यापेक्षा बरं काही सुचलं नाही. ती बॅग ओढत कोपऱ्यावरून वळली. मागे वळून पाहिलं नाही तिने. बरं झालं. मी रडत होते.

आता तुमच्याशी बोलते.

कालपर्यंतची ही सगळी पत्रं मी ती जायच्या आधी तिला वाचायला दिली होती. पाठवू का, असंही विचारलं. ती हो म्हणाली. पोस्ट अजून बंदच आहे, म्हणून कागदांचे फोटो काढून व्याह्यांच्या फोनवर पाठवतेय. ते तुम्हाला वाचून दाखवतील. मधेच थांबले तर त्यांना थांबू देऊ नका.

तुम्हाला भीती कसली आहे ती मला समजते. लेक नवऱ्याला सोडून आली, की बोट कोणाकडे दाखवतात ते आपण दोघींनी जन्मभर पाहिलंय. आणि बोट दाखवणाऱ्यांत पहिली मी असेन असं तुम्हाला वाटलं. तर ऐका. मी हसणार नाही. कोणी मला विचारलंच तर मी सांगेन, माझ्या मुलाबरोबर राहणं कठीण होतं, मुलगी चांगली होती. हे वाक्य आईच्या तोंडून निघायला किती जड आहे ते तुम्हाला कळेल. आत्ता लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं. पण मी ते म्हणेन, तुमच्या नातेवाईकांसमोर म्हणेन, आणि माझ्याही. तुम्ही जिंकलात असं समजा, विहीणबाई. मी हरायला तयार आहे. त्या बदल्यात मला फक्त एक हवंय. तिच्याशी बोला. ती 'सोडलं' म्हणेल, त्यानंतरही कानाला फोन राहू द्या. तुम्हाला रडू आलं तरी, राग आला तरी. काही सुचलं नाही तर जेवलीस का विचारा.

माझ्या तिकिटाचं विचारलं. सुट्टीची गर्दी आहे, जुन्या तारखेची जागा गेली, आता लवकर मिळणार नाही. चिरंजीव सकाळपासून जेवलेले नाहीत. ताट झाकून ठेवलंय. मी आणि तो, आणि तो खोकणारा पत्रा, असे तिघं आहोत घरात. पळून जावंसं वाटतं, पण याला असा टाकून कुठे जाऊ? माझंच पोर आहे.

२९ डिसेंबर

विहीणबाई,

सकाळपासून व्याह्यांच्या नंबरावरून माझ्या फोनवर तीनदा फोन आला. व्याही मला कधी फोन करत नाहीत, तेव्हा पलीकडे तुम्ही आहात हे मी ओळखलं. तिन्ही वेळा फोन हातात होता. मी उचलला नाही.

रागाने नाही. आपल्या दोघींचं बोलणं सुरू झालं की तासभर तरी चालेल, पंगतींपासून सुरुवात होईल, शेवटी दोघी रडू, आणि तुमचं मन हलकं होईल. ते माझ्याशी बोलून हलकं व्हायला नको.

आत्ताच तिला विचारलं. तिला अजून कोणाचा फोन आलेला नाही. आज तिला सुट्टी आहे, खोलीतच आहे, फोन उशाशी घेऊन बसलीय.

आधी तिला करा. तिचं बोलून झालं की मला करा, कितीही उशीर होऊ दे. मी कुठे जातेय?

तुमची विहीण